कागदावरची म्हैस

विमानतळ म्हणावं असं तिथे काहीच नव्हतं. पेडण्यात हळर्णच्या वरच्या अंगाला जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार आहे. त्यावरचं गवत कापून आणि खड्डे बुजवून साडेतीनशे मीटरचा एक लाल पट्टा केला होता. एका टोकाला पत्र्याची शेड, तिच्यात दोन हलकी विमानं, एकेकात पायलट धरून दोन माणसं मावतील एवढी. दुसऱ्या टोकाला कडा आणि कड्याखाली काजूची बाग. पर्यटकांना पंधरा मिनिटं शापोरा नदी आणि समुद्र दाखवून आणायचा, असा धंदा. मी तिथला मॅनेजर होतो. आबांना ठेवलं होतं गुरं हाकायला.

पण आबांचा स्वतःबद्दलचा समज वेगळा होता. सडा आपला, विमानं आपली आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे कामाला, असं ते वागत. शेडमध्ये त्यांची एक कदेल होती, जुनी लाकडी खुर्ची, बसकण वेताची. ती डोक्यावर घेऊन ते पट्ट्याच्या मध्यावर जाऊन बसत. विमान सुटायच्या आधी उठत, खुर्ची डोक्यावर ठेवत आणि बाजूला होत. पायलट इंजिन सुरू करून थांबलेला असे आणि आबा सावकाश चालत असत.

"आबा, जरा पाय उचला," मी ओरडायचो.

"ताच्या पंख्याक घाई असा. माका नाय," असं उत्तर यायचं.

रोज सकाळी ते सगळा पट्टा अनवाणी चालत. बूट घालून कोणी पट्ट्यावर पाऊल टाकलं तर त्याचा बाप काढत. "पायाक कळता. डोळ्यांक काय कळता? डोळ्यांक सगळो सडो तांबडो." कुठे माती दबते, कुठे पाणी मुरलंय, कुठे उंदरांनी पोखरलंय, हे ते तळव्यांनी वाचत आणि शेडच्या भिंतीवर कोळशाने खुणा करत. त्या खुणा त्यांच्याशिवाय एकाच माणसाला समजत, आमच्या पायलटला. तो पुण्याचा, तिशीतला मुलगा. सगळे त्याला कॅप्टन म्हणत.

वाऱ्याची दिशा दाखवायला आम्ही खांबावर नारिंगी पिशवी लावली होती. आबा तिच्याकडे बघतसुद्धा नसत. कड्याखालून वर आलेल्या काजूच्या फांद्यांना त्यांनी बायकोच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या होत्या. "तुझी पिशवी खांबाकडलो वारो सांगता. विमान पडतला ता कड्याकडे. थंय वारो खाली ओढता." पर्यटकांसमोर 'पडतला' हा शब्द बोलू नका, असं मी त्यांना किती वेळा सांगितलं. ते म्हणत, "बरा. मग उतरतला म्हणतंय. पण खंय उतरतला ता विचारू नको."

विमानांना ते पाडे म्हणत, म्हणजे रेडकं. पाऊस संपून मोसम सुरू झाला की पहिल्या उड्डाणाआधी गाऱ्हाणं घातल्याशिवाय चाकाखालचे दगड काढू देत नसत. सड्याचा राखणदार आहे, त्याची परवानगी नको का? रोट आणि विडी ठेवून ते उभे राहत आणि सगळ्या सड्याला ऐकू जाईल असा आवाज लावत.

"बा देवा म्हाराजा! ह्यो सडो तुझो, ह्यो वारो तुझो. आमचे हे पाडे आज वर जातत. जशी गुरां सांजेक गोठ्यात येतत तसे हे परत येवंदेत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणी वाकडा वागलो असात, तर ताचा ताका कळांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा तो पुण्याचा कॅप्टन. मी पुटपुटत असे. मॅनेजर होतो ना.

आता मला आमचं जुनं नातं सांगायला हवं, कारण पुढे जे मी केलं त्याला अज्ञानाची सबब नाही. मी मये गावचा. डिचोलीच्या खाणीवर सोळा वर्षं सुपरवायझर होतो आणि आबा त्याच खाणीवर टिपर चालवत. खाणी बंद पडल्या तेव्हा दोघंही घरी बसलो. खनिज काढून उरलेल्या मातीला खाणीवर रिजेक्शन म्हणतात. तिचे डोंगर आम्ही दोघांनी मिळून रचले आहेत. ती माती वरून वाळते, कडक दिसते, आणि आत महिनाभर ओली राहते. तिच्यावर टिपर रुतून उलटलेले मी पाहिले आहेत. एकदा उलटणाऱ्या टिपरातून उडी मारलेले आबाही पाहिले आहेत. ही गोष्ट गोव्यात कोणाला माहीत नसली तरी चालेल, पण मला माहीत असायलाच हवी होती. आणि होती.

आमच्या पट्ट्यावर एक दगड होता, चुना लावलेला जांभ्याचा चिरा. तो कॅप्टनने आणि आबांनी मिळून ठरवून ठेवला होता. नियम साधा: या चिऱ्यापर्यंत चाकं जमिनीवरून सुटली तर पुढे जायचं. नाही सुटली तर इंजिन बंद, ब्रेक, परत. चिऱ्यापासून कड्यापर्यंत थांबायला पुरेशी जागा राहायची. कॅप्टन तसा तीन वेळा परत आला होता. तिन्ही वेळा आबांनी त्याची पाठ थोपटली आणि आमच्या मालकांनी कपाळाला हात लावला. कारण परत येणारा पर्यटक म्हणजे चिडलेला पर्यटक.

मालकांना भरदुपारी आणि भारदस्त माणसं उडवायची होती. तापलेल्या हवेत विमान लवकर उचलत नाही, त्यात वजन जास्त. त्यांनी उपाय काढला: पट्टा वाढवा. कड्याच्या बाजूला रिजेक्शनचा भराव घालून आम्ही पट्टा पन्नास मीटर पुढे नेला. परवानगी घेतली नव्हती. रोलर फिरवला, पाणी मारलं, आठवड्यात तो भराव सड्यासारखाच लाल आणि सपाट दिसायला लागला. मालक म्हणाले, "आता दगड पुढे घ्या." मी घेतला.

दुसऱ्या दिवशी दगड जुन्या जागी.

मी पुन्हा पुढे नेला. पुन्हा मागे. मी आबांना शेडमध्ये बोलावलं.

"दगड कोणी हलवला?"

"मी मागे हाडलो. हलवलंस तू."

"आबा, पट्टा वाढलाय. जागा वाढली."

"जागा?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "तू खाणीर होतंस मा रे? की दुसरो कोण तरी होतो तुझ्या तोंडाचो?"

तिसऱ्या वेळी मी दगड सिमेंटमध्ये बसवला. आबांची नेमणूक गावाकडच्या फाटकावर केली, पट्ट्यापासून लांब. कॅप्टनने विचारलं, "दगड पुढे गेलाय. आबा काय म्हणतात?" मी म्हणालो, "त्यांचं काय, खाणीपासूनच मातीशी भांडण आहे. मी स्वतः पाहिलंय, पक्कं आहे." त्याने मान हलवली. मी सोळा वर्षं खाणीवर काढली होती, म्हणून त्याने विश्वास ठेवला.

ऑक्टोबरातला एक दिवस. आदल्या संध्याकाळी पावसाची सर येऊन गेली होती. दहा वाजेपर्यंत सडा वाळला. भराव वरून वाळला. मालकांचा एक पाहुणा आला होता, गोरा-गोमटा, चांगला शंभर किलोचा. साडेबाराला विमान सुटलं.

जुन्या जागेपाशी चाकं जमिनीवरच होती. जुना नियम असता तर कॅप्टन तिथेच थांबला असता. नव्या दगडापाशी चाकं सुटली, हातभर वर गेली आणि विमान जड होऊन पुन्हा खाली बसलं. बसलं ते भरावावर. मला शेडमधून चाकांमागे उडणारी ओली माती दिसली. वेग मेला. थांबायला जागा नव्हती आणि उडायला बळ नव्हतं. विमान कड्यावरून गेलं ते एखादी म्हातारी पायरीवरून घसरावी तसं, हळूच.

त्या सगळ्या वेळात आबा फाटकाकडून पट्ट्याच्या कडेकडेने धावत येत होते. डोक्याचा लाल पंचा सोडून दोन्ही हातांनी हलवत होते. भराव ओला आहे हे त्यांनी सकाळी मला सांगितलं होतं, मी 'बरं' म्हटलं होतं. विमानातल्या पाहुण्याला वाटलं म्हातारा टाटा करतोय. त्याने हात हलवला, आणि मग भीतीने डोळे मिटले.

काजूच्या झाडांनी दोघांना वाचवलं. पाहुण्याच्या बरगड्या मोडल्या. कॅप्टनचं डोकं आपटलं आणि डाव्या पायाचं हाड दोन ठिकाणी तुटलं. आबा कडा उतरून खाली गेले आणि गाडी येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसले.

आणि मी? मी पहार घेतली, सिमेंट फोडलं आणि दगड जुन्या जागी नेऊन ठेवला. सिमेंटचे तुकडे कड्यावरून फेकले. हे लिहिताना आजही हाताला ती पहार लागते. वळलो तेव्हा आबा कडा चढून वर आले होते. धोतरावर कॅप्टनचं रक्त. ते दगडाकडे बघत होते, मग पहारीकडे.

मालकांनी संध्याकाळीच रिपोर्ट तयार केला. त्यात एक म्हैस होती. पट्ट्यावर अचानक म्हैस आली, राखण करणारा इसम तिच्यामागे पंचा हलवत धावला, पायलटने म्हैस चुकवण्याचा प्रयत्न केला, इत्यादी. खोटं मोठं हुशार होतं, कारण आबा धावले होते हे खरंच होतं. पाहुण्याला विचारलं तर तो म्हणाला, "हो, एक म्हातारा धावताना पाहिला. असेल म्हैस." भराव, दगड, दुपार, वजन, काहीच त्या कागदात नव्हतं. मी सही केली.

चार दिवसांनी मी कॅप्टनला भेटायला रुग्णालयात गेलो. त्याला सुटण्याआधीचं सगळं आठवत होतं, नंतरचं काहीच नाही. तो पलंगावरून छताकडे बघत म्हणाला, "मला ती म्हैस दिसलीच कशी नाही? एवढं मोठं जनावर!" मी त्याच्यासाठी सफरचंदं नेली होती. ती टेबलावर ठेवली आणि निघालो.

आबांना मालकांनी आपल्या ऑफिसात बोलावून घेतलं. त्या कागदाखाली त्यांचीही सही हवी होती, 'म्हैस माझ्या नजरचुकीने आली' एवढीच. बदल्यात मुरगावला गोदामावर कायमची नोकरी, बसून काम. आबा चौथी शिकलेले. त्यांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला, माझ्या सहीपाशी जरा जास्त थांबले.

"ही म्हस कोणाची?" त्यांनी विचारलं.

"कोणाची का असेना," मालक म्हणाले.

"तसा कसा? नाव काय तिचा?"

"आबा, म्हशीला कोण नाव विचारतं?"

"आमी विचारतंव. गावात चवदा म्हशी असत. चवदाय माका ओळखतत. ह्यांतली एकय माझ्या फाटकातून माका सांगल्याशिवाय जाऊची नाय." कागद त्यांनी मेजावर सरकवला. "बारा वर्षां खऱ्यो म्हशी राखलंय. खोटी राखूचंय नाय."

मालकांनी त्यांना त्याच दिवशी काढून टाकलं. मी जिन्यापर्यंत त्यांच्यामागे गेलो. म्हणालो, "आबा, सही करा. कशाला वाईट होता? कोणी मेलं नाही ना." ते दोन पायऱ्या खाली होते, तरी माझ्याकडे वरून बघितल्यासारखं बघितलं. "मेलो असतो तर दोन म्हशी घातल्यो असतंस?"

त्यानंतर गावात त्यांच्यामागे बोलणं सुरू झालं. पोदेर सकाळी पाव द्यायला यायचा तोसुद्धा विचारायचा, "आबा, म्हस गावली?" तिठ्यावर पोरं रेकायची. दुसरा कोणी असता तर घरात बसला असता. आबा उलट तिठ्यावरच जाऊन बसायचे, तीच कदेल घेऊन, आणि विचारणाऱ्याला म्हणायचे, "अजून गावली नाय. तुझ्या घरात असा काय बघ." रोज सकाळी पट्टा चालणं त्यांनी बंद केलं नाही. नव्या पहारेकऱ्याने अडवलं तर म्हणाले, "पोलिसांक बोलय. माकाय तेंच्याकडे काम असा." पोलीस कोणी बोलावले नाहीत.

डिसेंबरात तपासाचे अधिकारी मुंबईहून दुसऱ्यांदा आले. पहिल्या वेळी मालकांनी त्यांची आबांशी गाठच पडू दिली नव्हती. साधे, घामेजलेले, मराठी बोलणारे गृहस्थ. त्यांना जागेवर माझा जबाब हवा होता. मालकांनी मला आदल्या दिवशी तीन वेळा पढवलं: म्हैस डावीकडून आली, काळी होती, एवढंच. आम्ही पट्ट्याच्या मध्यावर उभे राहिलो. अधिकाऱ्यांनी वही उघडली, तेवढ्यात फाटकाकडून घंटांचा आवाज आला.

आबा पुढे, हातात काठी. मागे चौदा म्हशी, आणि म्हशींमागे त्यांचे मालक, बायका, पुरुष, निम्मं गाव. नवा पहारेकरी कुठे गेला होता कोण जाणे. आबांनी म्हशी पट्ट्याच्या कडेला ओळीने उभ्या केल्या आणि अधिकाऱ्यांना नमस्कार केला.

"सायबानू, कागदात जी म्हस असा ती ह्यातलीच असतली. दुसऱ्या गावची हय येणा नाय, मधी खोल व्हाळ असा. ह्या तुमच्या साक्षीदाराक ओळखूक सांगा."

अधिकारी आधी चिडले. मग म्हशींकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बघा बुवा," ते म्हणाले. "ओळखता आली तर बरंच आहे."

मला वाटलं, कोणत्याही एकीकडे बोट दाखवावं आणि सुटावं. मी ओळीपाशी गेलो. पहिल्या म्हशीपाशी तिची मालकीण उभी होती, पदर खोचलेली.

"ही चांदी," आबा म्हणाले. "कपाळार पांढरो टिळो."

"माझी नाय हां सायबा," ती बाई म्हणाली. "माझी त्या दिवसा व्याली. अख्खो दिस गोठ्यात होती. पारडू दाखवू काय?"

पुढची मोगरी. तिचा मालक म्हणाला, "हिचा खूर फुटलेला. चलाक होयत नव्हता, मगे धावतली कशी?" मागून कोणीतरी ओरडलं, "सायबाक तोंड आठवता की शेपटी?" सगळे हसले. आबा हसले नाहीत. प्रत्येक म्हशीपाशी ते थांबत, नाव सांगत, आणि माझ्याकडे बघून विचारत, "ही?"

तेव्हा मला कळलं की बोट दाखवणं सोपं नाही. ज्या म्हशीकडे बोट दाखवीन तिचा माणूस समोर उभा होता. आजवर माझं खोटं एका कागदावर होतं, आता ते कोणाच्या तरी दावणीला बांधावं लागणार होतं. सातव्या की आठव्या म्हशीपाशी मी उभा राहिलो. तिने माझा हात हुंगला, मीठ आहे का बघायला.

"ही?" आबांनी विचारलं.

"म्हैस नव्हती," मी म्हणालो.

"मोठ्यान सांग. त्या टोकाक आयकाक येवंक नाय."

"म्हैस नव्हती! एकही नव्हती. दगड मी हलवला होता. भराव ओला होता आणि आबांनी मला तो ओला आहे हे सांगितलं होतं."

मालक "अहो, अहो," म्हणत पुढे आले. अधिकाऱ्यांनी त्यांना हाताने थांबवलं आणि वहीचं पान उलटलं. मग मी सगळं सांगितलं. भराव कधी घातला, सिमेंट कधी, पहार कधी, रुग्णालयात कॅप्टन काय म्हणाला तेसुद्धा. मध्येच एक म्हैस पट्ट्यावर गेली आणि आबांनी तिला नावाने हाक मारून परत बोलावलं. त्या तासात माझी नोकरी गेली, आणि पुढे बरंच काही गेलं. आज मी मुरगावला ज्या गोदामावर काम करतो ती जागा आबांना देऊ केलेल्या जागेसारखीच असावी, असं मला कधी कधी वाटतं. पण त्या दिवशी माझ्या मनात फक्त एक होतं, की आता आबा माझी पाठ थोपटतील. माणूस किती निर्लज्ज असतो. बोलून झाल्यावर मी त्यांच्याकडे वळलो.

"आबा, तुमचं नाव स्वच्छ झालं."

"माझा स्वच्छच होता रे," ते म्हणाले. "कॅप्टनाक कोण सांगतलो? तो अजून म्हस शोधता."

"मीच सांगीन. पुण्याला जाईन."

"उद्या."

"उद्याच जातो."

अधिकाऱ्यांनी जबाब लिहून काढला आणि वाचून दाखवला. 'सदर दगड मी सुमारे साठ पावले पुढे सरकवला,' इथपर्यंत आले तेव्हा आबांनी काठी आपटली.

"साठ न्हय. त्रेसष्ट. आणि ता 'सुमारे' खोडा."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी खोडलं, वर त्रेसष्ट लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली. मी पेन टेकवलं, तर आबा माझ्या खांद्याशी येऊन वाकले होते, चष्मा नाकावर.

"पुरा नाव घाल," ते म्हणाले. "त्या म्हशीच्या कागदार नुसती दोन अक्षरां होती."

मी पुरं नाव घातलं. बापाच्या नावासकट.